गोळा

हॅरिमन्स क्रॉसिंगचा खांब मी उतरवला,
अडतीस सालच्या ऑक्टोबरात.
मी विजेचा माणूस. कंपनीनं दिलं
एक ट्रक, हत्यारांची पेटी आणि दोन दिवस.

न्यू हॅम्पशरच्या त्या कोपऱ्यात
दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदतात.
बर्चची झाडं, चिखल, लाकूडगिरणीचा भोंगा,
आणि मधोमध डोलकाठीसारखा
पंचेचाळीस फुटी खांब.
दोराला पत्र्याचा गोळा, तांबडा, भोपळ्याएवढा,
रात्री त्याच्याखाली कंदील.
गोळा वर, तर उत्तरेच्या गाडीनं जावं.
गोळा खाली, तर तिनं थांबावं.
एवढंच व्याकरण.

थर्झा पिंकम दारात खुर्ची टाकून बसली होती.
एकतीस वर्षं तिनं दोर ओढला,
त्याआधी तिच्या नवऱ्यानं, खोकला त्याला घेऊन गेला तोवर.
त्याच्याही आधी, कुठे कुठे म्हणे
कापड गुंडाळलेल्या टोपल्या चढवायचे,
पुढच्या खांबावरचा माणूस दुर्बिणीतून टोपली बघून
आपली टोपली चढवायचा.
"बातमी घोड्याच्या पुढे धावायची," ती म्हणाली.
"धुकं नसलं तर."

कुणी डोळ्यांत तेल घालून बसतं.
तिच्या वाट्याला तेल मोजून यायचं.
ते ती कंदिलात घालायची,
आणि डोळे कोरडेच ठेवायची.

खांबाला, कमरेच्या उंचीवर, एक खाच होती.
उंदरांनी नाही कुरतडली, एवढं मला कळलं.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं.

फेब्रुवारी होता, बर्फ आडवा पडत होता.
उत्तरेच्या पॅसेंजरसाठी गोळा वर चढवलेला.
तेवढ्यात पूर्वेची ओंडक्यांची गाडी
ब्रेक न लागता घसरत आली
आणि बरोबर फुलीवर अडकून बसली.
ती दोराकडे धावली.
खुंटीवरची गाठ गोठून दगड झालेली.
नखं लावली. दात लावले.
जंगलामागून शिटी आली तेव्हा
एक गोळा वर होता, दुसरा तिच्या पोटात.
मग सरपणाची कुऱ्हाड.
पहिला घाव खांबाला. हीच ती खाच.
दुसरा दोराला.

गोळा कंदिलासकट कोसळला,
काचांचा चुरा झाला, अंधार झाला,
आणि अंधाराचा अर्थ ड्रायव्हरला पाठ होता.
पन्नास पावलांवर गाडी थांबली.
एका उतारूनं खिडकी वर करून विचारलं,
इथे सूप मिळेल का.

महिनाअखेर पगाराचं पाकीट आलं.
दोर, एक डॉलर चाळीस सेंट, वजा.
कंदील, पंच्याऐंशी सेंट, वजा.
"गोळ्याचे नाही कापले," ती म्हणाली,
"त्याला फक्त पोचा आला होता. मी आतून ठोकून काढला."

मी तारा जोडत होतो.
दिवे मैलभर अलीकडून दिसतील,
माणूस लागणार नाही, मी समजावत होतो.
ती ऐकत होती, शेंगा सोलत.
"तू गॅन्योंचा ना? तुझा बाप गिरणीत होता.
बरं. मग वीज गेली तर?"
बॅटरी आहे, म्हणालो.
"आणि बॅटरी गेली तर?"
तर दिवा विझतो. विझला की गाडीनं थांबायचं,
नियमात तसं लिहिलंय.

तिनं एक शेंग दाण्यांसकट तोंडात टाकली.
"म्हणजे पडूनच सांगायचं,"
एवढं म्हणाली, आणि टोपली घेऊन आत गेली.

गोळा भंगारात जमा करायचा होता.
ट्रकच्या मागे मोकळाच टाकला, बांधायला विसरलो.
लिटलटनपर्यंत प्रत्येक वळणावर तो
या फळीवरून त्या फळीवर आदळत राहिला.
चढावर मागे, उतारावर पुढे, माझ्या पाठीशी येऊन धडकायचा.
रंगाचे पोपडे उडाले होते. तांबड्याखाली
पुन्हा तांबडंच.
दोनदा मी विनाकारण ब्रेक दाबला.